१२५ पट झूम आणि पाठमोरा माणूस

पत्र : काका, मी फोंड्याचा, वय २८. सात वर्षं लग्नांचे फोटो काढले. आता पणजीतल्या एका खासगी तपास संस्थेत लागलोय. काम मुख्यतः विम्याच्या क्लेमचं. अपघातात जायबंदी झालो म्हणणारा माणूस खरंच तसा आहे का, ते बाहेरून बघायचं, व्हिडिओ काढायचा आणि अहवाल द्यायचा. कधीमधी नवरा-बायकोच्या केसेसही येतात. साहेब म्हणतात, कॅमेरा तुझा तूच घे. हाताशी ९० हजार आहेत. मित्र म्हणतो निकॉनचा पी-१००० घे, १२५ पट झूम आहे, चंद्रावरचे खड्डे दिसतात. माझा जुना सोनी ए-६४०० आणि ८५ मिमीची एफ/१.८ लेन्स विकून त्यात भर घालू का? बटण कॅमेरा आणि ड्रोन यांचंही सांगा.
— फोंड्याचा एक वाचक

उत्तर :

चंद्र हा तुझा सब्जेक्ट नाही रे बाबा. तो ठरल्या वेळी उगवतो, टेम्पोच्या आड जात नाही, तोंडाला रुमाल बांधत नाही, आणि 'हा चंद्र माझा अशील नव्हेच' असं म्हणायला त्याचा वकील उभा राहत नाही. तुझा माणूस यातलं सगळं करणार.

मी बावीस वर्षं हेच काम केलं. सुरुवात मिनी-डीव्ही टेपवर. त्या काळातली एक केस सांगतो, म्हणजे झूमचं भूत उतरेल. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही असा दावा होता. माणूस म्हापशाच्या बाजाराबाहेर नारळाची पोती टेम्पोत चढवताना सापडला. मी बराच लांब, रस्त्यापलीकडे. झूम शेवटपर्यंत ओढला आणि चार मिनिटं सलग मिळाली. पोतं उचललं, खांद्यावर घेतलं, वर फेकलं. घरी येऊन बायकोला दाखवलं, इतका खूश होतो. ट्रायब्युनलमध्ये समोरच्या वकिलांनी ते एकदाच पाहिलं आणि विचारलं, "यात माझ्या अशिलाचं तोंड कुठे दिसतं?"

नव्हतंच. टोपी होती, पाठ होती आणि एकदा उन्हाच्या झळीत वितळलेली अर्धी बाजू होती. वर कॅमेऱ्याच्या घड्याळात तारीख १ जानेवारी, कारण बॅटरी उतरल्यावर मी घड्याळ लावलंच नव्हतं. कंपनीचे वकील त्या दिवशी माझ्याशी चहालाही थांबले नाहीत. तेव्हा माझ्याकडे १२५ पट झूम असता, तर काय झालं असतं? पाठ आणखी मोठी दिसली असती.

म्हणून कॅमेरा निवडताना विचार एवढाच कर, की तोंड, हालचाल आणि वेळ ही तिन्ही एकाच न तुटलेल्या शॉटमध्ये मिळतील का. लांबचं दिसणं स्वस्त झालंय. ओळख पटणं अजून महाग आहे.

आता थोडं गणित. सीसीटीव्हीवाले एक मोजमाप वापरतात. माणूस उभा आहे तिथल्या एक मीटर रुंदीला चित्रात २५० पिक्सेल आले, तर अनोळखी माणसाचीही ओळख पटू शकते. १२५ आले, तर त्याला आधीपासून ओळखणारा 'हा तोच' म्हणू शकतो. त्याखाली फक्त कुणीतरी माणूस आहे एवढं कळतं. फुल एचडी चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. भागून बघ, चौकटीत साडेसात मीटरच्या आसपास जागा मावली पाहिजे. दोन छोटा हत्ती टेम्पो एकामागे एक लावल्यावर होतात तेवढी. फोर-केमध्ये याच्या दुप्पट चालते.

सोनीच्या एएक्स-४३ या हॅंडीकॅमचा झूम २० पट आहे, म्हणजे लांब टोकाला ५३६ मिमी (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). त्यातून १०० मीटरवरच्या माणसाभोवती ६.७ मीटर रुंदी दिसते. फुल एचडीतही ओळख पटण्याच्या आत बसतं. फोर-केत तेच २०० मीटरपर्यंत जातं. पी-१००० चं लांब टोक ३००० मिमी. १०० मीटरवर त्यातून सव्वा मीटर जागा दिसते. माणसाने एक पाऊल टाकलं की चौकटीबाहेर, आणि तू त्याला शोधत कॅमेरा आकाशाला, झाडाला, शेजारणीच्या ओट्याला लावत बसणार. हे मी केलंय.

आणि मला सांग, फोंड्यात, डिचोलीत, कुडचड्यात सलग २०० मीटर मोकळी नजर तुला मिळते कुठे? चिऱ्यांची कुंपणं, माडांचे बुंधे, वळण, त्यापुढे दुसरं वळण. खाडीकाठच्या खाजनात आणि किनाऱ्यावर मिळते, तर तिथे दुपारी वाळूवरून जी झळ उठते ती प्रत्येक लेन्सला सारखीच लागते. झूम वाढवला की झळही वाढते. कांपालला नदीकाठी उभं राहून पलीकडच्या काठावरचा माणूस दुपारी बारा वाजता ओळखून दाखव, मग पी-१००० बद्दल बोलू. सकाळी सहा-सातला, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो त्या सुमारास, हवा गार असते आणि चित्र काचेसारखं येतं. पण त्या वेळी क्लेमवाला अंथरुणातच असतो.

तो बाहेर पडतो संध्याकाळी. खरी अडचण इथे आहे, आणि दुकानातला माणूस ती सांगणार नाही, कारण दुकानात दिवे भरपूर असतात. आपल्याकडे लोक उन्हं उतरल्यावर तिठ्यावर येतात, चहा घेतात, गाडीवर भजी खातात, पोरांचा फुटबॉल बघतात. डिसेंबरात सहा वाजून गेले की प्रकाश भराभर जातो. पी-१००० ची लेन्स पूर्ण ओढली की एफ/८ वर येते, आणि एफचा आकडा वाढला की उजेड कमी शिरतो. तुझ्या ८५ मिमीच्या एफ/१.८ शी तुलना केली, तर ती सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर प्रकाशाचा विसावा हिस्सा सोडते. शिवाय तिच्यामागचा सेन्सर तुझ्या ए-६४०० च्या सेन्सरच्या जेमतेम तेराव्या हिश्शाएवढा. अंधारात त्या चित्राचा रवा होतो. माणूस तिथे असतो, पण शिऱ्यातला असतो.

तेव्हा ए-६४०० विकू नकोस. ८५ तर मुळीच नको. लग्नात तू तिने अंतरपाटामागचे डोळे टिपत होतास, आता रस्त्यापलीकडचं तोंड टिपशील. त्या बॉडीवर ती १२८ मिमीसारखी वागते आणि फोर-केत पन्नास मीटरपर्यंत ओळखीचं चित्र देते. पन्नास मीटर म्हणजे बाजारातल्या रस्त्याची ही बाजू ते ती बाजू, आणि वर थोडं. अंधार पडल्यावर तुला तेवढंच लागतं, कारण अंधारात तू जवळ जाऊ शकतोस.

एक बारीक गोष्ट. आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा पाल पद्धतीवर ठेव, २५ किंवा ५० फ्रेम, आणि शटर १/५० वा १/१०० वर बांधून टाक. नाहीतर दुकानाच्या ट्यूबखाली चित्रावर पट्टे फिरत राहतात आणि नेमकं तोंडावर काळं-पांढरं होत बसतं. लग्नाच्या हॉलमध्ये तू हे केलं असशीलच. पण ऑटोवर टाकलेला कॅमेरा रस्त्यावर स्वतःच्या मनाने वागतो.

दिवसासाठी हॅंडीकॅम घे. हसू नकोस. लग्नवाल्यांनी टाकून दिलेला हा डबा पाळतीच्या कामाला अजून सगळ्यात प्रामाणिक आहे. एएक्स-४३ किंवा एएक्स-५३, लेन्सच हलून हात सावरून घेणारा. एएक्स-५३ मिळाला तर त्याला डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर आहे, तो हवाच. रात्री गाडीत बसून स्क्रीन उघडलीस, तर तुझं तोंड निळं उजळतं आणि तूच सगळ्यांना दिसतोस. नवे हॅंडीकॅम दुकानांत आता विरळा. म्हापसा-मडगावच्या फोटोवाल्यांकडे जुने पडलेले असतात, तुला ते दर सांगताना लाजतीलही. घेण्यापूर्वी लेन्समधून टॉर्च मारून बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, तर फुकट दिला तरी घेऊ नकोस. डब्यावर 'डिजिटल झूम' असं जे मोठ्या आकड्यात छापलेलं असतं, ते वाचूच नकोस.

हॅंडीकॅमचा दुसरा गुण म्हणजे तो थांबत नाही. अनेक स्थिर छायाचित्रांचे कॅमेरे २९ मिनिटांनी व्हिडिओ आपोआप बंद करायचे, कित्येक अजून करतात. युरोपात अर्धा तास किंवा जास्त चित्रण करणाऱ्या यंत्रावर वेगळं सीमाशुल्क होतं, ते चुकवायला कंपन्यांनी ही मर्यादा घातली आणि ती आपल्या गळ्यात आली. सब्जेक्ट घराबाहेर पडण्याची वेळ आणि ती २९ मिनिटं संपण्याची वेळ यांच्यात काहीतरी करार असतो, असं माझं ठाम मत आहे. सोनीचा आरएक्स-१० मार्क ४ हाही या २९ मिनिटांच्याच पंथातला. एक इंची सेन्सर, ६०० मिमी, एफ/४. तरी एकाच यंत्रात सगळं करायचं तर माझ्या मनातला कॅमेरा तोच. पण तुझ्या ९० हजारांत तो नवा बसणार नाही, आणि तुझ्याकडे रात्रीचं हत्यार आधीच आहे.

सलग शॉटवर मी एवढा का अडून बसलोय ते सांगतो. पाठीला मार लागलेल्या एका माणसावर पाच दिवस होतो. चौथ्या दिवशी तो देवळात गेला. पाच पायऱ्या. कठड्याला धरून चढला, दर पायरीवर थांबला, बोटं कठड्यावर इतकी आवळलेली की नखं पांढरी पडलेली मला झूममधून दिसत होती. सात मिनिटं लागली त्या पाच पायऱ्यांना. वर पोचल्यावर घाम पुसला, सदरा नीट केला आणि ताठ उभं राहून नमस्कार केला. मी मध्येच बंद करून वर पुन्हा चालू केलं असतं, तर फुटेजमध्ये एक धट्टाकट्टा भक्त दिसला असता. मी सातही मिनिटं दिली. क्लेम मंजूर झाला. साहेबांना आवडलं नसावं, पण पुढची केस त्यांनी मलाच दिली.

आता पावसाची गोष्ट, कारण तू फोंड्याचा आहेस आणि तुझ्याकडे पाऊस पणजीहून जास्तच. जुलैत आपल्या हवेचा दवबिंदू चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास असतो. गाडीत एसी बावीसवर लावून कॅमेरा मांडीवर घेऊन बसलास आणि दार उघडलंस की लेन्सवर दव. पुसलं की पुन्हा. माझा एक सब्जेक्ट कुबड्या गाडीत टाकून, छत्री उघडून, डबकं चुकवत टुणकन उडी मारून दुकानात शिरला. ती उडी मी दुधाच्या ग्लासातून पाहिली. तेव्हापासून नियम केला : पावसाळ्यात एसी बंद, किंवा कॅमेरा झिपच्या पिशवीत घट्ट बांधून मागच्या सीटखाली, आणि बाहेर काढल्यावर त्याला बाहेरच्या हवेएवढा उबदार होईपर्यंत पिशवीतच राहू द्यायचं. घरी हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. कपाटात, नॅप्थलीनच्या गोळ्यांशेजारी ठेवलेला कॅमेरा श्रावणापर्यंत बुरशी धरतो.

ट्रायपॉड गाडीत उघडू नकोस, बाहेर तर अजिबात नको. उकड्या तांदळाची किलोभर पिशवी प्लास्टिकमध्ये शिवून घे. खिडकीवर, सीटच्या पाठीवर, स्टिअरिंगवर कुठेही बसते, कॅमेरा तिच्यात रुतून राहतो आणि कुणी विचारलंच तर तांदूळ म्हणजे तांदूळ. पुढच्या काचेतून चित्रण टाळ, ती वळलेली असते आणि लांब झूमवर चित्र पाघळतं. मागच्या सीटवर बस, बाजूची काच थोडी खाली. काळी फिल्म लावायचा मोह होईल. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे असा नियम आहे. चलान होईल ते वेगळं, पण त्या चलानाच्या निमित्ताने पोलीस तुझ्याच गाडीशी दहा मिनिटं उभा राहील, सब्जेक्टसमोर.

गोव्यात लपण्याची जागा गावागणिक बदलते. कळंगुटला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर आणि गळ्यात कॅमेरा म्हणजे तू अदृश्य. तीच स्कूटर सावईवेऱ्याला घेऊन गेलास, तर दुसऱ्या मिनिटाला कुणी आजी ओट्यावरून विचारणार, "कोण जाय तुका?" आणि तिसऱ्या मिनिटाला सगळ्या वाड्याला ठाऊक. तिथे जीए-०५ ची, म्हणजे फोंड्याच्याच पाटीची, धुळकट गाडी बरी, आणि कॅमेऱ्यापेक्षा फोन बरा. फोन हातात धरून उभा असलेला माणूस आज कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. चालत मागे जायचं असेल, दुकानात शिरायचं असेल, तर चांगला फोन हाच तुझा तिसरा कॅमेरा. वास्कोत मात्र लांब लेन्स काढताना दहादा विचार कर. दाभोळी हा नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा तिथे आहे. सब्जेक्ट विमानतळाच्या कुंपणापाशी भेटला तर त्याला जाऊ दे. तू तिकडे झूम लावताना सापडलास तर विम्याची केस बाजूला राहील.

यंत्र हातात आलं की पहिलं काम म्हणजे आवाज करणारं आणि उजळणारं सगळं बंद. रेकॉर्डिंगचा लाल दिवा, फोकसचा नारिंगी दिवा, बीप. माइकसुद्धा बंद. माझ्या एका सहकाऱ्याच्या फुटेजमध्ये मागून त्याचाच आवाज होता : "बघ बघ, लंगडायला विसरला साला!" समोरच्या वकिलाने ते वाक्य तीनदा ऐकवलं. घड्याळ रोज सकाळी फोनशी जुळव, आणि पहिल्या शॉटच्या सुरुवातीला फोनची स्क्रीन पाच सेकंद चित्रात घे. मग झूम मागे घेऊन दुकानाची पाटी किंवा मैलाचा दगड घे, आणि तिथून न थांबता माणसावर जा. तोंड आधी. पोतं नंतर.

नवरा-बायकोच्या केसेसबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, म्हणून मी जरा जास्त लिहितो. खासगी गुप्तहेरांसाठी २००७ मध्ये संसदेत विधेयक आलं होतं, त्याचा कायदा कधी झाला नाही. म्हणजे तुझ्या गळ्यातल्या ओळखपत्राने तुला रस्त्यावरच्या कुठल्याही माणसापेक्षा एक तसूही जास्त अधिकार मिळत नाही. रस्त्यावरून, बाजारातून, उघड्या डोळ्यांना जे कुणालाही दिसतं तेवढंच तुझं. खिडकीतून आत, कुंपणावरून मागच्या अंगणात, हॉटेलच्या बाल्कनीत झूम गेला की तू दुसऱ्या बाजूला गेलास. खासगी क्षणात असलेल्या बाईला तिच्या नकळत टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी किमान एक वर्ष कैद. साहेब म्हणाले, म्हणून केलं, हे तिथे चालत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलंय. १२५ पट झूम घेतलेल्या पोरांचं मी हे पाहिलंय, यंत्र हातात आलं की ते आपोआप खिडक्यांकडे वळतं. हाही तो न घेण्याचा एक मुद्दा समज.

बटण कॅमेरा नको. छातीच्या उंचीवरून रुंद कोनात तुला छत आणि लोकांच्या हनुवट्या मिळतील, आणि तो लावून तू कुणाच्या घरात शिरलास तर काय होईल ते वर सांगितलंच. ड्रोनही नको. तो भुणभुणतो, सगळा गाव वर बघतो. शिवाय ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे विमानतळांभोवती परवानगीशिवाय उडवता न येणारे लाल-पिवळे पट्टे आहेत, आणि आपल्या एवढ्याशा राज्यात दाभोळी आणि मोपा असे दोन विमानतळ.

आता साहेब 'तुझा तूच घे' का म्हणाले, ते. पैसे वाचतात हे एक. दुसरं तुला कुणी सांगितलं नसेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणे व्हिडिओसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. भाग 'अ' यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्या बाजूचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश किंमत लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. आतलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये जुन्या कायद्याखाली हेच सांगितलं होतं. मूळ यंत्रच मालकाने कोर्टात आणून दाखवलं तर ठीक, नाहीतर प्रमाणपत्र लागणारच. तिथेही सगळा वाद व्हिडिओचाच होता.

म्हणजे कॅमेरा तुझा असेल तर सहीही तुझी, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहणारही तूच, आज नाही तर चार वर्षांनी, नोकरी सोडलेली असताना. साहेबांकडून हे आधी लिहून घे : कोर्टाच्या तारखांचा खर्च कोण देणार, केस संपेपर्यंत कार्ड कुणाकडे राहणार. दर केसला नवं एसडी कार्ड. चित्रण झालं की कार्डाची बारकी खिट्टी लॉकवर, त्याच संध्याकाळी दोन प्रती, हॅश काढून वहीत लिहून ठेव, कार्ड पाकिटात, पाकिटावर तारीख आणि सही. त्या कार्डावर पुन्हा भाच्याच्या बारशाचं शूटिंग करायचं नाही. मूळ फाइल कापायची नाही, उजळायची नाही, गाणं तर लावायचंच नाही. लग्नवाल्यांचा हात शिवशिवतो, मला माहीत आहे.

९० हजारांतले उरलेले पैसे बॅटऱ्यांवर घाल. हॅंडीकॅमला मोठी बॅटरी लागते, सोबत आलेली चिमणीएवढी असते. दोन मोठ्या घे, एक पॉवर बँक, सहा-सात कार्डं, तो हवाबंद डबा. तरीही काही उरले तर ठेव. पहिला पगार या धंद्यात उशिराच येतो.

आणि विकत घेण्याआधी आठवडाभर भाड्याने आण, लग्नाच्या ओळखीत कुणीही देईल. येत्या शुक्रवारी संध्याकाळी म्हापशाच्या बाजारात मित्राला पाठव. त्याने कुठला शर्ट घालावा ते तू ठरवू नकोस, कुठल्या वाटेने यावं तेही नको. पिशवीभर कांदे उचलून गाडीत ठेव, एवढंच त्याला सांग. तू रस्त्यापलीकडे, सहाच्या पुढे, आधी हॅंडीकॅम आणि मग ए-६४०० घेऊन. रात्री ते फुटेज त्याच्या आईला दाखव, आधी काही न सांगता. "हा आमचाच ना? कांदे कशाला घेतले याने?" असं तिने विचारलं, तर दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे देऊन ये.